नमुना कॉन्फिग फाइलींचं लायसन्स एका ओळीत सांगा: मेंटेनर मंडळींना खुलं पत्र

प्रति,
ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या सर्व मेंटेनर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

एक्केचाळीस ओळींच्या एका फाइलीपायी आमच्या टीमचे तीन आठवडे गेले. त्या फाइलीत काय होतं ते आधी सांगते. रिव्हर्स प्रॉक्सीची, म्हणजे येणाऱ्या विनंत्या मागच्या सर्व्हरकडे पोचवणाऱ्या प्रोग्रामची, नमुना कॉन्फिग (सेटिंगची) फाइल होती ती. कोणत्या पोर्टवर ऐकायचं, किती वर्कर चालवायचे, मागच्या सर्व्हरने किती सेकंदांत उत्तर दिलं नाही तर जोडणी तोडायची, लॉग कुठे लिहायचा, सर्टिफिकेट कुठे ठेवलंय, बस. प्रकल्पाच्या 'एक्झाम्पल्स' फोल्डरमधून काही वर्षांपूर्वी मी ती उचलली, त्यात आमचे आकडे भरले आणि आमच्या उत्पादनाच्या इमेजमध्ये, म्हणजे बसवायला तयार अशा गठ्ठ्यात, घातली. ही इमेज ग्राहकांकडे जाते. नव्या आवृत्तीच्या आधी लायसन्स स्कॅनर चालवला तेव्हा त्याने नेमकी हीच फाइल लाल केली. तिच्या डोक्यावर जीपीएलचा मथळा होता; हे लायसन्स म्हणतं की यावर आधारलेलं काही वाटाल तर त्याच अटींवर, सोर्ससकट वाटा. प्रकल्पाने कधीतरी एक स्क्रिप्ट चालवून रेपोतल्या (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातल्या) सगळ्या फाइलींवर तो मथळा डकवला होता आणि त्या झपाट्यात ही नमुना फाइलही सापडली होती.

वकिलांनी सांगितलं, फाइल काढा आणि नव्याने लिहा. मी जुनी फाइल बंद केली, प्रकल्पाचं मॅन्युअल उघडलं आणि एकेक सेटिंग वाचत नवी फाइल लिहिली. दोन दिवस लागले. मग दोन्हींचा डिफ, म्हणजे ओळीओळीचा फरक, काढला. जुन्या फाइलीत कमेंटच्या पंधरा ओळी होत्या आणि कामाच्या सव्वीस. त्या सव्वीसपैकी बावीस ओळी माझ्या नव्या फाइलीत अक्षरन् अक्षर तशाच होत्या. उरलेल्या चारही होत्याच, फक्त वेगळ्या क्रमाने आल्या होत्या.

वकिलांनी विचारलं, "तुम्ही ही पाहून तर लिहिली नाहीत ना?"

मी म्हटलं, पाहून लिहिली नाही, पण दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने ती लिहिताच येत नाही. पोर्ट ४४३ वर ऐकायचं असेल तर 'लिसन' आणि पुढे '४४३' असंच लिहावं लागतं. त्या प्रोग्रामला याखेरीज दुसरी भाषा कळत नाही. तुम्ही लिहा, मी लिहिन किंवा आणखी कोणी लिहो, ओळ तीच येणार. त्यांना ते पटलं. पण पटलेलं कागदावर उतरवून वरपर्यंत मंजूर करून घेईपर्यंत तिसरा आठवडा उलटला.

मी वकील नाही. सर्व्हर सांभाळते आणि उत्पादनाचं पॅकेजिंग बघते. पण तेव्हापासून या एका प्रश्नाचा मी पिच्छा सोडलेला नाही: कॉन्फिग फाइलीवर कॉपीराइट असतो का, आणि असला तर कोणाचा?

कॉपीराइट मिळायला मौलिकता लागते. याचा अर्थ काहीतरी अद्भुत असायला हवं असा नाही. करणाऱ्याने स्वतःच्या डोक्याने काही निवडलेलं, काही मांडलेलं असावं, इतकंच. नुसता घाम गाळून भागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये फाइस्ट विरुद्ध रुरल टेलिफोन या खटल्यात हे ठामपणे सांगितलं. रुरलची टेलिफोन डिरेक्टरी होती: नाव, गाव, नंबर, सगळं वर्णानुक्रमाने. फाइस्टने त्यातल्या नोंदी उचलल्या. उचलल्याचा पुरावा पक्का होता, कारण नक्कल पकडता यावी म्हणून रुरलने मुद्दाम पेरलेल्या चार खोट्या नोंदीही फाइस्टच्या डिरेक्टरीत छापून आल्या होत्या. तरी रुरल हरली. नावं आणि नंबर ही तथ्यं आहेत, आणि नावं वर्णानुक्रमाने लावणं ही कोणाची कल्पकता नव्हे. आमच्या वकिलांचा 'पाहून लिहिली का' हा प्रश्न म्हणूनच अर्धा होता. पाहून लिहिलेली असली तरी त्या फाइलीत राखून ठेवण्याजोगं काही होतं का, हा उरलेला अर्धा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात हीच वाट धरली आणि ती आणखी बारकाईने आखून दिली. न्यायालयांचे निकाल संपादित करून छापणाऱ्या कंपनीचा तो खटला. निकालाच्या मूळ मजकुरावर कंपनीचा हक्क नाही, किरकोळ दुरुस्त्यांवरही नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण संपादकांनी सलग मजकूर समजून घेऊन त्याचे परिच्छेद पाडले होते, त्यांना क्रमांक दिले होते, कोणते न्यायमूर्ती सहमत आणि कोण असहमत हे दाखवलं होतं. त्याला कौशल्य आणि निर्णयबुद्धी लागते, म्हणून तेवढ्या भागाला संरक्षण मिळालं. हा निकाल वाचताना मला सारख्या कॉन्फिग फाइली आठवत होत्या. पाचशे ओळींची मेल सर्व्हरची फाइल कोणीतरी विभागांत लावलेली असते, आधी कोणते नियम आणि नंतर कोणते हे विचार करून ठरवलेलं असतं. ओळी प्रोग्रामने लादलेल्या असतात, पण मांडणी माणसाची असते.

युरोपमध्ये गाळणी आणखी बारीक आहे. तिथल्या न्यायालयाने २००९ मध्ये इन्फोपॅकच्या खटल्यात म्हटलं की अकरा शब्दांच्या उताऱ्यालाही संरक्षण असू शकतं, लेखकाची स्वतःची बौद्धिक निर्मिती त्यात उतरली असेल तर. अकरा शब्द! बऱ्याच नमुना फाइलींमधली एकेक कमेंट याहून लांब असते. दुसऱ्या बाजूने त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये सॅस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग या खटल्यात सांगितलं की प्रोग्रामची कार्यक्षमता, प्रोग्रामिंगची भाषा आणि डेटा फाइलींचा फॉरमॅट यांना प्रोग्राम म्हणून कॉपीराइट नाही. म्हणजे तुमच्या कॉन्फिगचं व्याकरण कोणालाही वापरता येतं. त्या व्याकरणात लिहिलेल्या विशिष्ट फाइलीचं काय, ते मात्र ती फाइल पाहूनच ठरणार.

मला स्वतःला सगळ्यांत जवळचा वाटतो तो यांतला सर्वांत जुना खटला, बेकर विरुद्ध सेल्डन. एकोणिसाव्या शतकातला, संगणक स्वप्नातही नसतानाचा. सेल्डनने हिशेब ठेवण्याची एक पद्धत समजावणारं पुस्तक लिहिलं होतं आणि सोबत रकाने आखलेले कोरे तक्ते जोडले होते. बेकरने तशाच धर्तीचे तक्ते विकले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, पद्धत समजावणाऱ्या पुस्तकातलं लेखन सेल्डनचं, पण ती पद्धत वापरायला जे तक्ते लागतातच ते सगळ्यांचे. कीर्द-खतावणीचे रकाने आखून कोणी त्यांवर मालकी सांगू लागला तर दुसऱ्याने हिशेब लिहायचे कसे? कॉन्फिग फाइल बहुतेक वेळा असाच एक तक्ता असते. रकाने प्रोग्रामने आखलेले, त्यांत आकडे आपण भरायचे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग झालं तर, कॉन्फिगवर कॉपीराइट नाही, कशाला काळजी करायची? मीही काही दिवस हेच धरून बसले होते. पण कॉन्फिग फाइल नावाचा एकच एक प्राणी नसतो.

मी उचललेली फाइलच घ्या. तिच्या सव्वीस कामाच्या ओळींत राखण्यासारखं काही नव्हतं, हे माझ्या डिफनेच दाखवलं. पण पंधरा ओळींच्या कमेंट? त्यांतल्या चार ओळींत कोणीतरी समजावलं होतं की किप-अलाइव्हचा (रिकामी जोडणी उघडी ठेवण्याचा) काळ मागच्या सर्व्हरच्या काळापेक्षा कमी का ठेवायचा, आणि तो जास्त ठेवला तर कधीकधी सर्व्हर नुकत्याच बंद केलेल्या जोडणीवर प्रॉक्सी विनंती पाठवते आणि ग्राहकाला ५०२ ही चूक दिसते, ते कसं. फार सुंदर लिहिलं होतं. रात्री दोन वाजता त्या चार ओळींनी मला एकदा तारलं आहे. ते लेखन आहे, दुसऱ्याने ते वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं, आणि त्यावर लिहिणाऱ्याचा हक्क नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याच्याही पुढे गेलात तर कॉन्फिग म्हणायचं आणि आत अख्खा प्रोग्राम असायचा, असा प्रकार दिसतो. ईमॅक्स या एडिटरची इनिट फाइल लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत असते. सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवणाऱ्या हेल्मच्या टेम्प्लेटमध्ये अटी आणि लूप असतात. सर्व्हरची उभारणी लिहून काढायच्या टेराफॉर्मचं एखादं मॉड्यूल लिहायला महिना जातो. फायरवॉलच्या नियमांची यादी किंवा जाहिराती अडवणाऱ्या फिल्टरांची यादी कोणीतरी वर्षानुवर्षं पारखून, निवडून केलेली असते. इझीलिस्ट ही अशीच यादी, आणि ती जीपीएल ३ किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सचं समवाटप लायसन्स अशा दुहेरी पर्यायाने दिली जाते. ती ठेवणाऱ्यांना हक्क आहेसं वाटतं, आणि निवडीमागची मेहनत पाहिली तर मला त्यात काही गैर दिसत नाही.

तेव्हा कुठे हक्क आहे आणि कुठे नाही याची रेघ प्रत्येक फाइलीत वेगळ्या ठिकाणी पडते आणि देशागणिक सरकते. आणि ती रेघ कुठे आहे हे न्यायालयांनाही सहज सांगता आलेलं नाही. लोटस विरुद्ध बोरलँडच्या खटल्यात एका स्प्रेडशीट प्रोग्रामच्या ४६९ आज्ञांच्या मेनूवर कॉपीराइट आहे का हा प्रश्न होता. अपील न्यायालयाने १९९५ मध्ये 'नाही, ती वापरण्याची पद्धत आहे' असं म्हटलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९९६ मध्ये न्यायमूर्ती चार-चार असे विभागले गेले, त्यामुळे खालचा निकाल कायम राहिला, पण सगळ्या देशाला लागू होईल असं तत्त्व काही ठरलं नाही. गूगल विरुद्ध ओरॅकल २०१० मध्ये सुरू झाला आणि २०२१ मध्ये संपला. जावाच्या सुमारे साडेअकरा हजार ओळींवर अकरा वर्षं भांडण चाललं. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्या ओळींना कॉपीराइट आहे असं केवळ वादापुरतं गृहीत धरलं आणि गूगलचा वापर न्याय्य ('फेअर यूज') होता म्हणून गूगलला सोडलं. मूळ प्रश्न होता तिथेच आहे. जे अशा न्यायालयांना अकरा वर्षांत ठरवता आलं नाही, ते तुमची फाइल उचलणाऱ्या एखाद्या अ‍ॅडमिनने शुक्रवारी संध्याकाळी ठरवावं अशी अपेक्षा आपण करतो आहोत.

म्हणून माझं मागणं तुमच्याकडे आहे. हक्क आहे की नाही हा प्रश्न सोडवू नका, तो तुम्हाला सुटणार नाही. पण 'हक्क असेल तर मी तो असा सोडला आहे' हे तुम्ही एका ओळीत लिहू शकता, आणि जगात ते फक्त तुम्हीच लिहू शकता.

ही ओळ नसते तेव्हा काय होतं, ते अनेकांना नीट माहीत नसतं. 'लायसन्स लिहिलेलं नाही म्हणजे मोकळं आहे' असा समज मी अनुभवी लोकांकडूनही ऐकला आहे. बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉपीराइट आपोआप जन्मतो. नोंदणी लागत नाही, खूण लागत नाही. काहीच लिहिलेलं नसलं तर फाइल बंद असते, मोकळी नसते. लोकांनी कौतुकाने गिटहबवर टाकलेल्या डॉटफाइल्सचंही (स्वतःच्या सेटिंगच्या फाइलींचंही) तसंच. गिटहबच्या अटी इतरांना त्या पाहू देतात आणि गिटहबवरच फोर्क (स्वतःची प्रत) करू देतात, त्यापलीकडे लेखकाने दिलेलं काही नसतं.

आणि चुकीची ओळ असते तेव्हा काय होतं, तेही सांगते. नमुना कॉन्फिगचं आयुष्य कसं असतं ते एकदा जवळून बघा. कोणीतरी ती इटीसी फोल्डरमध्ये कॉपी करतं. मग नको असलेल्या कमेंट उडवतं, त्यांत सर्वांत आधी उडतो तो डोक्यावरचा लायसन्सचा मथळा, कारण तो सेटिंग शोधताना मध्ये येतो. उरलेल्यातले दोन परिच्छेद सर्व्हर आपोआप मांडणाऱ्या अ‍ॅन्सिबलच्या टेम्प्लेटमध्ये जातात. त्यातला एक परिच्छेद वर्षभराने दुसऱ्या टीमच्या कंटेनरमध्ये पोहोचतो. एमआयटीसारखं साधं, उदार लायसन्ससुद्धा एवढी एक अट घालतंच की सूचना सोबत राहू द्या. या प्रवासात ती सूचना टिकणं शक्य नाही. तुम्ही फाइल दिली आहे ती बदलण्यासाठी, तोडण्यासाठी, चिकटवण्यासाठी. आणि लायसन्स असं लावलं आहे की तसं वागलं की ते मोडतं. तुमचा तसा हेतू नसतो, हे मला माहीत आहे. पण स्कॅनरला हेतू कळत नाही.

पॅकेजिंग करणाऱ्यांना याचा आणखी एक चटका बसतो. डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॅकेजमध्ये 'डेबियन' नावाच्या फोल्डरात जे काही असतं, त्याचं लायसन्स मूळ प्रकल्पापेक्षा वेगळं असू शकतं. मूळ प्रकल्प एमआयटीवर आणि पॅकेज करणाऱ्याने सवयीने आपल्या भागाला जीपीएल लावलेलं, असं पुष्कळदा दिसतं. त्याने तिथे डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये चांगली दुरुस्ती केली तरी ती मूळ प्रकल्पाला सरळ घेता येत नाही. दोघेही देऊ पाहतात, घेऊ पाहतात, आणि मध्ये एक मथळा आडवा येतो.

हक्काच्या प्रश्नात गुंतून एक गोष्ट मात्र विसरू नका, कारण या सबबीचा गैरफायदा घेतला जातो. लिनक्स कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) डॉट-कॉन्फिग फाइल 'मेक मेन्यूकॉन्फिग' चालवून तयार होते. हो, नाही, मॉड्यूल, अशा हजारो निवडी. तिच्यावर कॉपीराइट आहे की नाही यावर वाद घालता येईल. पण उपकरण विकणाऱ्याने ती द्यायची की नाही, हा प्रश्न तिच्या कॉपीराइटवर उभाच नाही. जीपीएल २ म्हणतं की बायनरी (बांधून तयार प्रोग्राम) देत असाल तर पूर्ण सोर्स द्या, आणि पूर्ण सोर्समध्ये ती बायनरी बांधण्या-बसवण्याचं नियंत्रण करणाऱ्या स्क्रिप्टही येतात. ज्या फाइलीशिवाय तोच कर्नल पुन्हा बांधता येत नाही ती यातच मोडते, असं माझं ठाम मत आहे. कर्नलचं लायसन्स ती मागतं. फाइलीची मौलिकता शून्य असली तरी. 'कॉन्फिग आमची खासगी आहे' किंवा 'कॉन्फिग कॉपीराइटमध्ये येत नाही, म्हणून देणार नाही' ही दोन्ही उत्तरं मी ऐकली आहेत आणि दोन्ही मुद्द्याला धरून नाहीत.

आता २०११ ची एक गोष्ट, कारण हक्क नसलेल्या फाइलींवरूनही केवढं रामायण होऊ शकतं ते तीत दिसतं. टाइमझोन डेटाबेस तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. कोणत्या प्रदेशात घड्याळ कधी पुढे केलं आणि कधी मागे, याच्या साध्या मजकुराच्या फाइली. जवळपास प्रत्येक युनिक्सजात यंत्र त्या वाचतं. आर्थर डेव्हिड ओल्सन आणि पॉल एगर्ट त्या सांभाळत होते. सप्टेंबर २०११ च्या अखेरीस अ‍ॅस्ट्रोलेब नावाच्या, ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने त्या दोघांवर अमेरिकेत खटला भरला. म्हणणं असं, की जुन्या काळच्या वेळांची माहिती त्यांच्या हक्काच्या अ‍ॅटलासमधून घेतली आहे. काही दिवसांत त्या फाइली जिथे होत्या तो सर्व्हर बंद झाला. साऱ्या जगाची घड्याळं ज्या फाइलींवर चालतात, त्यांचं मुख्य ठिकाण गायब. ऑक्टोबरमध्येच इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने तो डेटाबेस चालवण्याची जबाबदारी घेतली आणि काम पुन्हा सुरू झालं. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने खटला मागे घेतला आणि ऐतिहासिक तथ्यं कोणाच्या मालकीची नसतात हे मान्य केलं.

कायदा पहिल्या दिवसापासून ओल्सन आणि एगर्ट यांच्या बाजूने होता, तरी सर्व्हर बंद पडला. म्हणजे 'कायद्याने हक्क नाहीच' एवढ्यावर विसंबून चालत नाही. मात्र त्या फाइली सार्वजनिक मालकीच्या आहेत हे सांभाळणाऱ्यांनी आधीपासून लिहून ठेवलं होतं. त्यामुळे त्या उचलून दुसऱ्या घरी नेताना कोणाची सही गोळा करावी लागली नाही. बाहेरचा माणूस खटला भरू शकतो, ते तुमच्या एका ओळीने थांबणार नाही. पण तुमच्या बाजूने कुठलीही अडकाठी नाही, हे त्या ओळीने पक्कं होतं.

मी काही नवीन मागत नाही. तुमच्यातल्याच अनेकांनी हे केलेलं आहे. अपाची फाउंडेशनचं धोरण सांगतं की ज्या फाइलीच्या शब्दांत किंवा रचनेत काहीच सर्जनशीलता नाही तिला मथळा लागत नाही, आणि शंका असेल तर लावा. लिनक्स कर्नलमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये लायसन्स न लिहिलेल्या हजारो फाइलींवर एसपीडीएक्सची (लायसन्स एका ओळीत सांगणारी प्रमाण) खूण घातली गेली, तेव्हा मेक आणि कॉन्फिग फाइलींसाठी साधा नियम ठेवला होता: पाचपेक्षा जास्त ओळी असतील तर विचारात घ्यायची. जीएनयू प्रकल्पाचं मार्गदर्शन योगदानांबद्दल सुमारे पंधरा ओळींची मर्यादा सांगतं; त्याहून लहान बदल कॉपीराइटच्या दृष्टीने किरकोळ. पाच काय आणि पंधरा काय, कायद्यात हे आकडे कुठेच लिहिलेले नाहीत. काम पुढे जावं म्हणून शहाण्या माणसांनी ठरवलेले ते अंदाज आहेत. लहानसहान फाइलींसाठी जीएनयूने दोन वाक्यांचं एक सर्वमुक्त लायसन्सही करून ठेवलं आहे. गिटहबचा गिटइग्नोर (गिटने कोणत्या फाइली वगळायच्या त्याच्या) नमुन्यांचा संग्रह सीसी-झिरोखाली, म्हणजे हक्क सोडून दिलेला, आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपचा रियूज उपक्रमही अशा किरकोळ फाइलींसाठी सीसी-झिरोच सुचवतो.

कोणतं लायसन्स घ्यावं यावर मी फार बोलणार नाही, पण एक खाच सांगून ठेवते. सीसी-झिरो चांगलं आहे. ज्या देशांत हक्क पूर्ण सोडताच येत नाही तिथे ते आपोआप अतिशय मोकळा परवाना बनतं. पण त्यात पेटंटचे हक्क सोडलेले नाहीत असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि याच कारणाने फेडोरा या लिनक्स वितरणाने २०२२ मध्ये कोडसाठी ते घेणं थांबवलं. निव्वळ सेटिंगच्या फाइलीला याने काही फरक पडत नाही असं मला वाटतं. तरी तुमच्या नमुन्यात स्क्रिप्ट असेल, लूप असतील, तर झिरो-क्लॉज बीएसडी किंवा एमआयटी-झिरो घ्या. दोन्ही ओपन सोर्स इनिशिएटिव्हने मान्य केलेली आहेत आणि सूचना सोबत ठेवण्याची अट दोन्हींत नाही.

जेसन या फॉरमॅटमधल्या फाइलींचं दुखणं वेगळं. तिथे कमेंटच लिहिता येत नाही; मथळा घातला की फाइल वाचणारा प्रोग्राम कोसळतो. त्यासाठी रियूजने सोय केली आहे: त्याच नावाची, शेवटी 'डॉट लायसन्स' असलेली छोटी फाइल शेजारी ठेवायची, किंवा रेपोच्या मुळाशी एका टॉमल फाइलीत 'या फोल्डरातल्या सगळ्या फाइली अमुक लायसन्सखाली' असं लिहून टाकायचं. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. मथळा फाइलीच्या बाहेर राहतो आणि कॉपी करणाऱ्याला काहीच उडवावं लागत नाही.

तर एवढंच करा. तुमच्या रेपोतलं 'एक्झाम्पल्स' किंवा 'कॉन्ट्रिब' फोल्डर उघडा. लोकांनी उचलावं म्हणून ठेवलेलं कोणतं आणि प्रकल्पाचं स्वतःचं कोणतं, ते वेगळं करा. पहिल्या ढिगाला अट नसलेलं लायसन्स लावा आणि ते रीडमीमध्ये एका वाक्यात सांगा. दुसऱ्याला प्रकल्पाचं लायसन्स असू द्या. ज्याने महिनाभर खपून मॉड्यूल लिहिलं त्याला मला स्वतःच्या श्रेयावर पाणी सोडायला लावायचं नाही. आणि सगळ्या फाइलींवर मथळा डकवणाऱ्या त्या स्क्रिप्टला हे फोल्डर वगळायला सांगा.

शक्य तितक्या लवकर करा, कारण उशिराने हे काम किती जड होतं ते मी सध्या अनुभवते आहे. तीन आठवडे खाणाऱ्या त्या फाइलीच्या प्रकल्पाला मी पॅच (सुचवलेला बदल) पाठवायचं ठरवलं. मेंटेनर तयार होते. पण लायसन्स बदलायचं तर ज्यांनी ज्यांनी त्या फाइलीत लिहिलं त्यांची संमती हवी. गिटचा इतिहास काढला, सात जण निघाले. पाच जणांनी दोन दिवसांत होकार कळवला. दोघांचे ईमेल परत आले. त्यातल्या एकाने फक्त एका टाइमआउटचा आकडा ६० चा ३० केला होता. त्यावर कोणाचा हक्क नसावा याबद्दल आमचं सगळ्यांचं एकमत झालं. दुसऱ्याने किप-अलाइव्हच्या त्या चार ओळी लिहिल्या होत्या.

त्या चार ओळी मी काढल्या आणि तीच गोष्ट माझ्या शब्दांत लिहिली. माझ्या सहा झाल्या, आणि पहिल्याइतक्या चांगल्या त्या झालेल्या नाहीत. पॅच पाठवून नऊ दिवस झाले. काल मेंटेनरने त्यातलं एक वाक्य सोपं करायला सुचवलं आहे, ते आज करून पाठवते.

आपली,
तुमच्या नमुना फाइली रोज वापरणारी एक सिस्टिम अ‍ॅडमिन